लेकराची हिशोबपट्टी

विंचूरच्या उपबाजारात कांद्याची गाडी भुईकाट्यावर चढते तेव्हा माल ज्याचा तो शेतकरी काट्याच्या खिडकीशी उभा असतो. आधी भरल्या गाडीचं वजन, मग रिकाम्या गाडीचं, दोन्ही आकडे त्याच्या डोळ्यांदेखत पावतीवर उतरतात आणि शेवटी हिशोबपट्टी त्याच्या हातात पडते. भाव काय लागला, कपात किती झाली, हातात किती राहिलं, सगळं तिच्यावर असतं. ही पद्धत आपोआप आलेली नाही. व्यापारी आणि अडते रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचे आणि ज्याचा माल त्यालाच तो कळायचा नाही, अशी हत्ता पद्धत एके काळी बाजारांतून सर्रास होती. १९३९ मध्ये मुंबई इलाख्यात शेतमालाच्या बाजारांचा कायदा झाला, १९४७ मध्ये लासलगावची बाजार समिती स्थापन झाली, पुढे विंचूरला तिचं उपबाजार आवार आलं आणि उघडा लिलाव इथल्या माणसाच्या अंगवळणी पडला. शेतकरी काट्यावर विश्वास ठेवतो तो काटा कुठल्या कंपनीचा आहे हे बघून नव्हे. आकडा त्याला दिसतो, पट्टी त्याला मिळते आणि पटलं नाही तर भांडायला जागा असते, म्हणून ठेवतो.

त्याच गावात दर महिन्याला आणखी एक वजन होतं. अंगणवाडीत सहा वर्षांखालच्या मुलांना काट्यावर ठेवलं जातं, आकडा लिहिला जातो, मोबाइलमध्ये भरला जातो आणि वर पाठवला जातो. या दुसऱ्या काट्याचा इतिहास आपल्याकडे फारसा कुणी लिहिला नाही, आणि आज बालकांच्या आरोग्यासाठी जी नवी डिजिटल साधनं येत आहेत, त्यांच्यावर आई, सेविका, आशाताई, नर्स आणि डॉक्टर या सगळ्यांचा सारखा विश्वास बसावा अशी अपेक्षा असेल, तर तो इतिहास बघितल्याशिवाय गत्यंतर नाही. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे: महाराष्ट्रात मुलाच्या तब्येतीचं साधन जेव्हा जेव्हा रुजलं, तेव्हा त्यातून निघालेला आकडा आधी आईकडे आणि मोजणारीकडे परत आला होता. आकडा फक्त वर गेला, तेव्हा साधन कितीही चांगलं असलं तरी ते रुजलं नाही. एवढंच नव्हे, ते खोटं बोलायला लागलं.

आपल्याकडच्या आईला मुलाचं वजनच नको असतं, नजर लागेल म्हणून ती घाबरते, असं सरकारी प्रशिक्षणांतून वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. त्यात तथ्य आहे. लेकराचं बाळसं बोलून दाखवू नये, काजळाची तीट लावावी, जगत नसलेल्या मुलांच्या पाठीवर झालेल्याचं नाव दगडू किंवा धोंडू ठेवावं, या चालीरीती खऱ्याच होत्या. पण त्याच समाजात नवसाचं मूल देवळात नेऊन गुळाशी, साखरेशी किंवा पेढ्यांशी तोलण्याची रीतही होती आणि अजून आहे. तिथे पारड्यात मूल बसतं, दुसऱ्या पारड्यात ढेपा चढतात, सगळी भावकी बघते आणि तोललेला गूळ तिथल्या तिथे वाटला जातो. म्हणजे आईचा आक्षेप वजनाला नव्हता. कोण तोलतं, कशासाठी तोलतं आणि तोललेल्याचं पुढे काय होतं, हे तिला कळायला हवं होतं. अडाणीपणाचा शिक्का मारून आपण तिचा हा रास्त प्रश्न बाजूला सारला.

याचा सगळ्यात जुना पुरावा देवीच्या लशीचा आहे. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला लस टोचली गेली आणि हिंदुस्थानात देवीची लस सुरू झाली. त्या काळी लस बाटलीतून येत नव्हती. टोचलेल्या मुलाच्या दंडावर आठवड्याभरात फोड यायचा, त्यातला द्रव काढायचा आणि पुढच्या मुलाला टोचायचा, अशी ती साखळी होती. साखळी चालू राहायची तर टोचलेलं मूल पुन्हा हजर हवं. आठव्या दिवशी लस टोचणारा परत आला की आया मुलं लपवायच्या. इंग्रज अधिकाऱ्यांनी याची कारणं जातीच्या विटाळात आणि देवीच्या कोपात शोधली, आणि ती कारणं होतीही. पण आईच्या जागी उभं राहून बघितलं तर आणखी एक कारण दिसतं. पहिल्या दिवशी लस देणारा माणूस आठव्या दिवशी तिच्या लेकराच्या दुखऱ्या दंडातून काहीतरी काढून न्यायला येत होता. तिचं मूल दुसऱ्याच्या कामाचं भांडं झालं होतं. पुढे वासरांच्या अंगावर लस तयार होऊ लागली, मुलाच्या दंडातून काढून न्यायची गरज संपली आणि विरोधाचं एक मोठं कारणच उरलं नाही. मराठीने तर शब्दही स्वतःचा घडवला. लस टोचण्याला आपल्या आज्या ‘देवी काढणं’ म्हणायच्या. आजही साठीच्या पुढच्या माणसाच्या दंडावर ते वण दिसतात. त्या नोंदीसाठी दफ्तर लागत नव्हतं. मुलाची बाही वर केली की आईला, मास्तरला, डॉक्टरला, कुणालाही ती वाचता यायची. आज ज्याला आपण सामायिक आरोग्य-नोंद म्हणतो, ती या देशात पहिल्यांदा मुलाच्या दंडावर लिहिली गेली. देशातला देवीचा शेवटचा स्थानिक रुग्ण मे १९७५ मध्ये आढळला.

त्याच वर्षी, २ ऑक्टोबरला, एकात्मिक बाल विकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. महाराष्ट्रात मेळघाटातलं धारणी त्यात होतं. योजना दिल्लीची असली तरी तिच्या केंद्राचं नाव मराठी मातीतलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर ताराबाईंनी बालवाडीच पाड्यावर, घराच्या अंगणात नेली आणि तिला अंगणवाडी म्हटलं. या नावात एक अट दडलेली आहे, ती आपण विसरलो. अंगणात जे चालतं ते घरच्यांच्या नजरेसमोर चालतं. आई भात सडताना बघते, आजी चुलीपासून बघते, मुलाला कोण आंघोळ घालतं, काय शिकवतं, हे सगळ्यांना दिसतं. ताराबाई उच्चशिक्षित होत्या, गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला त्यांनी माँटेसरीचं शास्त्र अभ्यासलं होतं, पण ते शास्त्र त्यांनी कपाटात बंद ठेवलं नाही. महागड्या साधनांच्या जागी शंख, शिंपले, बिया, पानं आली. साधन ओळखीचं झालं आणि मग त्यातलं शास्त्रही घरात शिरलं.

नव्या योजनेत अंगणवाडीबरोबर आला तो वाढीचा आलेख. त्याचं मूळ पश्चिम आफ्रिकेत आहे. डेव्हिड मॉर्ली या इंग्रज डॉक्टरांनी नायजेरियातल्या इमेसी इले या खेड्यात पन्नासच्या दशकाच्या अखेरीस मुलांच्या वजनाचा एक साधा तक्ता वापरायला घेतला. आडव्या रेषेवर महिने, उभ्या रेषेवर किलो, दर वजनाला एक ठिपका आणि ठिपके जोडणारी रेघ. या तक्त्याची खरी करामत रेघांमध्ये नव्हती. मॉर्लींनी तो दवाखान्यात न ठेवता प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईकडे दिला. लेखनिक नोंदी हरवतात, आया हरवत नाहीत, हा त्यांचा अनुभव होता. पण जगभर फिरून तक्ता आपल्या अंगणवाडीत पोचला तेव्हा तो रजिस्टरच्या आकाराचा झाला आणि सेविकेच्या कपाटात गेला. आईच्या हातून तो सुटला, ही मला या सगळ्या इतिहासातली कळीची चूक वाटते. तिची किंमत आपण गेली कित्येक दशकं मोजत आहोत.

वजनाच्या दिवशी अंगणवाडीत काय होतं ते जरा जवळून बघू. जुना स्प्रिंगचा काटा आढ्याला किंवा दाराच्या चौकटीला टांगलेला. त्याच्या आकड्याला झोळी, झोळीत मूल. मूल पाय झाडतं, काटा सहा किलो आठशे आणि सात किलो दोनशे यांच्यामध्ये नाचतो. मदतनीस खुळखुळा वाजवते, क्षणभर मूल थांबतं, तेवढ्यात ताईंनी आकडा टिपायचा. आधी काटा शून्यावर आणला होता का, अंगावरची कुंची काढली होती का, झोळीचं वजन वजा केलं का, या प्रत्येक प्रश्नात शंभर-दोनशे ग्रॅम लपलेले असतात. आणि आलेखावर दोनशे ग्रॅम म्हणजे हिरव्यातून पिवळ्यात किंवा पिवळ्यातून लाल पट्ट्यात. पुढे डिजिटल काटे आले, उंची मोजायच्या पट्ट्या आल्या, दंडघेराची तिरंगी फीत आली. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत लाल, तिथून साडेबारापर्यंत पिवळी, त्यापुढे हिरवी. काम अचूक झालं. पण लाल आलं म्हणजे कुणाचं काय चुकलं, या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच काट्याने दिलं नाही. ते उत्तर वरच्या साहेबांच्या बैठकीत ठरत होतं. लाल मुलं ज्या ताईंच्या अंगणवाडीत जास्त, त्या ताईंना खुलासा. ज्या तालुक्यात जास्त, तिथल्या प्रकल्प अधिकाऱ्याला नोटीस. अशा वेळी आकड्याने खरं राहावं ही अपेक्षाच अवास्तव होती. मूल तेवढंच राहतं, फक्त ठिपका वर सरकतो.

हे किती खोलवर गेलं होतं, ते २००१ च्या सुमारास ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने उघड केलं. गडचिरोलीच्या ‘सर्च’सह राज्यातल्या अनेक स्वयंसेवी संस्थांनी गावोगाव प्रत्यक्ष मोजणी केली आणि बालमृत्यूंचा सरकारी आकडा खऱ्याच्या जवळपासही नाही हे दाखवून दिलं. मुलं मरत होती आणि कागदावर मरत नव्हती. पुढे राज्य सरकारनेच डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली मूल्यमापन समिती नेमली. हा सगळा कागदाचा काळ होता, हे इथे मुद्दाम सांगायला हवं. मोबाइल येण्याआधी नोंदी खऱ्या होत्या आणि यंत्राने सगळं बिघडवलं, असं म्हणायची सोय इतिहास देत नाही. कागदही खोटं बोलला. ज्यांचं म्हणणं असतं की रजिस्टरच बरी होती, त्यांना या अहवालाने आधीच उत्तर दिलं आहे. बिघाड साधनात नव्हता. आकड्याचा वापर ज्या कामासाठी होत होता, त्यात तो होता.

उलट उदाहरणही त्याच गडचिरोलीत आहे. ‘सर्च’ची स्थापना १९८६ ची. बाळांना न्यूमोनिया झाला हे ओळखायचं तर मिनिटाला किती श्वास हे मोजावं लागतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठ किंवा जास्त, त्यापुढे वर्षापर्यंतच्या बाळाचे पन्नास किंवा जास्त श्वास असतील तर धोका. पण गावातल्या दाईंना एवढं मोजता येत नव्हतं. मग ‘सर्च’ उभारणाऱ्या बंग दांपत्याने दाईंना गणित शिकवण्याऐवजी साधनच बदललं. एका लाकडी चौकटीत मणी आणि एक मिनिटाची वाळूची घडी. ठरावीक श्वासांमागे एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. निकाल तिथेच, दाईच्या बोटांत आणि आईच्या डोळ्यांसमोर. औषधही तिच्याच पिशवीत. पुढे ३९ गावांत आरोग्यदूत स्त्रियांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घ्यायला सुरुवात केली. १९९३-९५ मध्ये तिथे हजारी ६२ नवजात बाळं दगावत होती, तीन वर्षांत तो आकडा २५ च्या आसपास आला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हा अभ्यास छापला आणि २०११ पासून हीच पद्धत आशाताईंमार्फत देशभर गेली. या यशाचं श्रेय कुणी प्रतिजैविकांना देतं, कुणी प्रशिक्षणाला. मी त्यात तिसरी गोष्ट घालीन. तिथे मोजणारी बाई आणि उपाय करणारी बाई एकच होती. मोजलेलं वाया जात नव्हतं, म्हणून मोजण्याला किंमत आली.

सरकारी यंत्रणेत हे होऊच शकत नाही, असं कुणी म्हणेल. तसंही नाही. मार्च २००५ मध्ये औरंगाबादला राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झालं, व्ही. रमणी त्याचे पहिले प्रमुख. मिशनने आधी मराठवाड्यात आणि मग राज्यभर पहिला भर दिला तो एकूण एक मुलाचं वजन होण्यावर आणि खऱ्या नोंदीवर. राज्यात दोन वर्षांखालच्या मुलांमधलं खुजेपणाचं प्रमाण २००५-०६ मध्ये ३९ टक्के होतं, ते २०१२ च्या स्वतंत्र सर्वेक्षणात २३ टक्क्यांवर आलेलं दिसलं. ही घट एकट्या मिशनची नाही, त्या काळात शेतीचं उत्पन्न, मुलींचं शिक्षण, रुग्णालयातली बाळंतपणं, सगळंच वाढलं. तरीही खरा आकडा सांगणाऱ्याचं रक्षण केलं तर यंत्रणा चालते, एवढं त्यातून निश्चित दिसतं. दुर्दैवाने ही सवय टिकली नाही. पाच वर्षांखालच्या मुलांमधलं खुजेपण २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के होतं आणि २०१९-२१ मध्ये ३५.२ टक्के. आपण थबकलो.

थबकलेल्या त्या वर्षांतच मोबाइल आला. २०१८ मध्ये पोषण अभियान सुरू झालं, त्यासोबत सेविकांच्या अकरा रजिस्टरांच्या जागी एकच ॲप येईल असं वचन आलं. वचन फार मोलाचं होतं. ज्या बाईने अकरा रजिस्टरांत एकच नाव अकरा वेळा लिहिलं आहे, तिलाच ते कळेल. पण महाराष्ट्रात हाती पडलेले फोन दोन जीबी मेमरीचे होते आणि मार्च २०२१ मध्ये आलेलं पोषण ट्रॅकर हे नवं ॲप मराठीत नव्हतं. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरच्या सेविकांनी फोन प्रकल्प कार्यालयांत परत केले. भाषेचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. या आंदोलनाचा अर्थ तेव्हा सोयीने लावला गेला: बायकांना तंत्रज्ञान झेपत नाही, किंवा त्यांना हजेरीची भीती वाटते. दोन्ही आरोप पुराव्याशी जुळत नाहीत. याच बाया दिवसातून वीस वेळा व्हॉट्सॲपवर फोटो आणि माहिती पाठवत होत्या, तीही अनेकदा स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या रिचार्जवर. त्यांनी वजन करणं परत केलं नव्हतं, फोन परत केला होता. आपल्याच भाषेत जे वाचता येत नाही, त्याच्याखाली आपल्या नावाने माहिती का भरायची, हा प्रश्न तंत्रज्ञानाच्या भीतीचा नाही. तो हत्ता पद्धतीला विचारलेला शेतकऱ्याचाच प्रश्न आहे: रुमालाखाली काय ठरतंय ते मला कळत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि त्याला टाळून चालणार नाही. गळती आहे, खोटी नावं आहेत, घरपोच आहाराची पाकिटं भलतीकडे जातात, मग पडताळणी नको का? नक्कीच हवी. पण पडताळणी कुणाची, याचा विचार झाला पाहिजे. जुलै २०२५ पासून घरपोच आहारासाठी लाभार्थी आईचा चेहरा ॲपवर ओळखला जाण्याची अट आली. नेटवर्क नाही, चेहरा जुळत नाही, आधारला जोडलेला मोबाइल नवऱ्यासोबत गावाबाहेर आहे, या कारणांनी खोळंबणारी आई ही या व्यवस्थेतली सगळ्यात दुबळी कडी आहे. वर बघितलं तर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राच्या घरपोच आहार पुरवठ्याची निविदा रद्द केली होती, आणि त्या प्रकरणात प्रश्न आईच्या चेहऱ्याचा नव्हता, ठेक्याच्या अटींचा होता. कॅमेरा फक्त खाली वळवला तर खालच्या माणसाच्या मनात काय उमटणार? जुन्या लस टोचणाऱ्याच्या आठव्या दिवसासारखंच. माझ्या लेकराकडून घेतात, देतात काय?

आकड्यांवर तज्ज्ञांचाही विश्वास डळमळला आहे. पोषण ट्रॅकरवरच्या नोंदींनुसार २०२४ मध्ये देशातली सुमारे १७ टक्के मुलं कमी वजनाची असल्याचं संसदेत सांगितलं गेलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत हेच प्रमाण ३२ टक्के होतं. मधली वर्षं वेगळी आहेत, ट्रॅकरवर फक्त अंगणवाडीत नोंदलेली मुलं आहेत, हे मान्य करूनही एवढं अंतर पचत नाही. याचा परिणाम थेट दवाखान्यात दिसतो. २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतात, जन्मजात व्यंग, आजार, कमतरता आणि विकासातला उशीर हे चारही तपासतात. मूल वेळेवर बसतं का, बोट दाखवलं की बघतं का, नावाला वळतं का, हे सगळ्यात आधी सेविकेला आणि आईला दिसतं. पण पथकातले डॉक्टर मुलाला पुन्हा शून्यापासून मोजतात, कारण ताईंच्या नोंदीवर त्यांचा भरवसा नसतो. आणि ताईंना मात्र डॉक्टरांना काय आढळलं ते परत कळत नाही. मुलाला पुढे जिल्हा रुग्णालयात पाठवलं तर तिथे काय ठरलं, तेही आईच्या तोंडूनच गावात येतं. एका मुलाभोवती चार जाणती माणसं, चार नोंदी आणि चौघांमध्ये बोलणं नाही. सामायिक साधन हवं ते इथे.

विंचूरला तर ते सगळ्यात जास्त हवं. निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागांत ऑक्टोबरच्या छाटणीपासून पेठ, सुरगाण्याकडची आदिवासी कुटुंबं मजुरीला येतात, कांद्याच्या लागणीला आणि काढणीला येतात. विंचूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या वाइन पार्कलाही द्राक्षं याच शिवारांतून येतात. बागेच्या कडेला ताडपत्रीखाली जे दोन वर्षांचं पोर खेळतं, त्याचं वजन सुरगाण्याच्या पाड्यावर झालेलं असतं आणि नोंद तिथल्या रजिस्टरात राहिलेली असते. इथल्या ताईंना ते नवीन असतं, तिथल्या ताईंना ते गैरहजर असतं. अशा मुलासाठी डिजिटल नोंद हे वरदान आहे. राज्याने २०२१ पासून काही आदिवासी जिल्ह्यांत स्थलांतरित माता-बालकांचा माग ठेवणारी प्रणाली आजमावली, ती याच कारणासाठी. म्हणून मी फोनच्या विरोधात नाही. माझी मागणी एवढीच की जे फोनमध्ये गेलं ते त्याच मिनिटाला आईच्या माता-बाल संरक्षण कार्डावरही उतरावं. फोन चार्ज नसेल, रेंज नसेल, ताई बदलल्या असतील, तरी ते कार्ड त्या आईच्या बोचक्यात असतंच. मॉर्लींची प्लास्टिकची पिशवी अजून जुनी झालेली नाही.

आईला आलेख कळत नाही, हा शेवटचा आक्षेप. काही अभ्यासांत अनेक आयांना वाढीची रेघ वाचता आली नाही, हे खरं आहे. पण ज्या घरातली बाई कांद्याच्या भावातली दहा-वीस रुपयांची चढउतार तोंडपाठ सांगते, तिला रेघ वर चालली की आडवी पडली, हे समजावून सांगायला पाच मिनिटं पुरतात. ती पाच मिनिटं ताईंकडे उरत नाहीत, कारण ती माहिती भरण्यात जातात. माहिती भरण्याचा वेळ कमी व्हावा म्हणून ॲप आलं होतं. तो वाचलेला वेळ आईशी बोलण्यात गेला का, हे ॲपच्या यशाचं एकमेव माप असायला हवं. सरकारला ते मोजता येईल, मोजायची इच्छा असेल तर. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या २०२३ च्या कायद्यात मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे, पण सरकारी लाभ आणि आरोग्यसेवा यांना त्यातून सवलती आहेत. म्हणजे कायद्याने आईला फार काही हाती लागणार नाही. तिला जे मिळवायचं ते अंगणवाडीच्या दारातच मिळवावं लागेल.

म्हणून विंचूरच्या आणि आजूबाजूच्या गावांतल्या आयांना, आज्यांना, वडिलांना एक विनंती. पुढच्या महिन्यात वजनाच्या दिवशी मुलाला घेऊन तुम्ही स्वतः जा. काट्यावरचा आकडा बघा, ताईंकडून कार्डावर ठिपका मारून घ्या आणि मागच्या ठिपक्यापासून रेघ वर गेली का ते त्यांनाच विचारा. कार्ड कोरं असेल तर तिथे उभं राहून भरून घ्या. कांद्याची पट्टी घेतल्याशिवाय तुम्ही बाजारातून परत येत नाही.